केळीवर केळी

श्रावण लागला की आमच्या दुकानावर साबुदाण्याचं राज्य येतं. भगर, राजगिरा, शेंगदाणे पुढच्या ओळीत येऊन बसतात आणि तूरडाळ बिचारी मागं सरकते. लातूरला गंजगोलाईच्या अलीकडं आमचं हे किराणा दुकान. मालक म्हणून पाटीवर नाव माझ्या यजमानांचं, पण गिऱ्हाइकाला दम भरायचं काम माझं. समोर या महिन्यात केळीचा एक गाडा उभा राहतो. गाडेवाला दिवसभर एकाच सुरात म्हणत असतो, अर्धापूरची केळी, अर्धापूरची केळी. माहेरचं नाव असं रस्त्यावर विकायला निघालेलं ऐकून मला बरं वाटावं की वाईट, हे अजून ठरलेलं नाही. परवा न राहवून मी त्याला विचारलंच, बाबा रे, खरंच अर्धापूरची आहेत का? तोही प्रामाणिक निघाला. म्हणाला, माल लांबून येतो, पण अर्धापूर म्हटलं की लोक हात लावतात. मी त्याची केळी घेतली, घरी आले आणि सोललेलं केळं हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसले. उपवास होता, भूकही होती. खाववलं नाही.

श्रावण माझ्या आयुष्यात पुष्कळ आले. तरी मनात एकच घर करून बसलाय. त्या श्रावणात आमच्या अप्पांच्या बागेतली झाडं वारा नसताना पडत होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. अर्धापूरजवळच्या एका गावात आमचं केळीचं रान. त्याला सगळे विहिरीचं रान म्हणत. माझ्या लहानपणी त्या बागेत शिरलं की डोळ्यांना आधी काही दिसायचंच नाही, एवढी हिरवी सावली. पायाखाली कुजलेल्या पानांचा थर असायचा, गादीवर चालल्यासारखा. आंबट, ओला, जरासा ताडीसारखा वास. तोडून टाकलेलं एखादं खोड उलथलं की खाली केवढा संसार उघडा पडायचा. गांडुळं, वाणी, कापसाच्या धाग्यासारखी पांढरी बुरशी, नाव माहीत नसलेले बारीक बारीक जीव, आणि सगळ्यांची एकच लगबग. मी किंचाळायचे. अप्पा हसायचे आणि माती दाखवायला आपला हात जमिनीत खुपसायचे. हात मनगटापर्यंत सहज आत जायचा. बाहेर काढला की काळा, चमकदार, कणकेतून काढल्यासारखा.

केळीच्या चिकाचे डाग आमच्या घरातल्या प्रत्येक कपड्यावर होते. ते कशानंच निघत नाहीत. लग्नात मी जे पातळ नेसून सासरी आले त्याच्या काठालाही एक तपकिरी डाग होता. सासूबाईंनी तो घासून पाहिला, मग नाद सोडला. मला मात्र तो डाग असल्याचं समाधान वाटायचं.

जुन्या काळी रानाची एक रीत होती. एकदा केळ घेतली, तिच्याच बुडातून फुटलेला खोडवा घेतला, की मग त्या जमिनीत पुन्हा लगेच केळ नाही. ज्वारी यायची, हरभरा यायचा, कधी हळद, कधी नुसता ताग पेरून गाडायचा. गेलेलं पीक जमिनीत मागं जे ठेवून जातं त्याला आमच्याकडं बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, कारण तो देऊन जातो. केळ लेकुरवाळी खरी, पण खादाड. तिचा बेवड वाईट, तिच्या मागोमाग तीच आली तर आणखी वाईट. हे अप्पांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, अप्पांनी आम्हांला सांगितलं, आणि एक दिवस अप्पांनीच मोडलं. मी माझ्या बापाला देव करून बसवणार नाही. कालव्याला पाणी आलं, ट्रक थेट बांधापर्यंत येऊ लागले, व्यापारी घरी येऊन चहा पिऊन जाऊ लागले. ज्वारीला कोण विचारतं अशा दिवसांत? अप्पांनी केळीवर केळी लावली. पहिल्यांदा काहीच बिघडलं नाही. बिघडलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्यांदा घडाची एक फणी कमी झाली, तेव्हा खताची गोणी जास्त टाकली. तिसऱ्यांदा आणखी जास्त. गोडी लागली की जीभ कुणाचं ऐकत नाही, जमिनीच्या मालकाचंही नाही.

मग रान माझ्या धाकट्या भावाच्या, मन्मथच्या हाती आलं. मन्मथ मेहनती. त्यानं सगळं टापटीप केलं. ठिबक टाकलं, प्रयोगशाळेतली एकसारखी रोपं आणली, कापणी झाली की खोडं, पानं सगळी ओढून बांधावर फेकली. रान असं दिसायला लागलं, जसं पाहुणे येणार म्हणून झाडलेलं अंगण. मी त्याला चिडवायची, मन्मथा, आता रांगोळी तेवढी काढायची राहिली. तो खूश व्हायचा. जमिनीच्या पोटात गेलं पाहिजे ते आपण बांधावर फेकतोय, हे तेव्हा त्यालाही सुचलं नाही, मलाही नाही. पायाखालचा गालिचा गेला. वास गेला. बागेत आता खताचा कोरडा, नाकाला झोंबणारा वास यायचा. उन्हाळ्यात दोन ओळींच्या मधे माती पांढरी फटक पडायची, तिच्यावर मीठ फुटल्यासारखी झाक दिसायची.

तो श्रावण नेमका तेव्हाचा. पंचमीला लेकी माहेरी जातात तशी मीही गेले होते. त्या महिन्यात बाग कापणीला आलेली असते, घरात माणसांची वर्दळ असते, अंगणात पानांचे भारे असतात. मी गेले तर अंगण मोकळं. अप्पा रानातच होते. मी बांधावर बसले, डबा उघडला, आणि समोरचं एक झाड घडासकट हळूच कललं आणि आडवं झालं. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. नुसता धप्प असा आवाज झाला. थोड्या वेळानं पलीकडं दुसरं पडलं. अप्पांनी त्या झाडाचा बुंधा उलटा केला आणि मला मुळ्या दाखवल्या. केळीच्या मुळ्या मी लहानपणी पाहिलेल्या, पांढऱ्या, जाड, लांबच लांब. या बोटभर होत्या, काळ्या, जळक्या वातीसारख्या, त्यांच्यावर गाठी. झाडाला जमिनीनं धरलंच नव्हतं.

मन्मथ बांबूचे टेकू लावत फिरत होता. एका झाडाची सुतळी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असं त्यानं सगळी बाग एकमेकांच्या गळ्यात बांधून ठेवली होती. एक पडलं की ते शेजाऱ्यालाही ओढायचं. तरी तो बांधत होता. त्याच्या हातांना सुतळीचे चर पडले होते, आणि कुणी काही बोललं की तो फक्त अजून सुतळी मागायचा.

दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी आमच्याकडं जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही, विळा लावायचा नाही, चुलीवर तवासुद्धा ठेवायचा नाही. जमिनीत नाग असतो, त्याला लागेल म्हणून. दिंडं खाऊन आम्ही तिघं रानात गेलो. अप्पा उकिडवे बसले आणि त्यांनी जमिनीवर तळहात टेकवला. मग बोटं रोवायला गेले. बोटं आत गेली नाहीत. पेरभर गेली आणि अडली. ते मातीकडं असे बघत होते, जशी आपण ओळख दिली आणि समोरच्यानं दिली नाही. मग मन्मथकडं न बघताच म्हणाले,

"नागासाठी एक दिस देतो न आपण, मन्मथा. मातीसाठी एक साल दे. पड राहू दे रान."

मन्मथनं आधी शांतपणे समजावलं. केळी नसली तर व्यापारी पुढच्या वर्षी दार विसरेल, गावात आपल्याला ओळखतात ते बागेमुळं, पाण्याची पाळी दुसरा कुणी घेऊन बसेल, पड रानाकडं बघून लोक म्हणतील याच्यानं होईना. सगळी कारणं खरी होती. अप्पा पुन्हा तेच म्हणाले, एक साल. पुन्हा तेच. तेव्हा मन्मथचा तोल सुटला.

"तुम्ही केळीवर केळी लावली तवा थांबला का, अप्पा? मग मलाच काऊन थांबवून राहिले?"

अप्पांनी हात जमिनीवरून उचलला आणि धोतराला पुसला. माझ्या डोळ्यासमोर एक माणूस आपल्याच हातानं केलेल्या गोष्टीपुढं लहान होत गेला, आणि मला मधे पडून कुणाचीही बाजू घेता आली नाही. आम्ही बागेतून परत निघालो तेव्हा मागं आणखी एक झाड पडलं. तिघांनाही ऐकू आलं, तिघंही चालत राहिलो.

मी कधीकधी दुकानात बसून विचार करते की गायीला भाकड काळ देतात, बाळंतिणीला बाज देतात, आमच्या दुकानाला पण आठवड्याची सुट्टी आहे. मातीला कुणी काही देत नाही, कारण ती दमलेली दिसत नाही. ती बिचारी शेवटपर्यंत काळीच दिसते. आतला एकेक जीव मरत जातो, वरून रंग तोच. आपल्याला कळतं तेव्हा झाडं पडायला लागलेली असतात. माणसांतही असं होतं, पण माणूस निदान कण्हतो.

मी लातूरला परतायला निघाले तेव्हा अप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटीची वाट बघताना त्यांनी मला सांगून ठेवलं. आम्ही लिंगायत, आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. आमच्या घरातली सगळी माणसं बांधावरच्या लिंबाखाली बसलेली आहेत, आजा, पणजा, आमची आई म्हणजे अव्वा, सगळी ओळीनं. अप्पा म्हणाले, मला तिथं नको. मला रानाच्या मधोमध बसवा. मी म्हटलं, अप्पा, अव्वा तिकडं आणि तुम्ही इकडं? जन्मभर भांडलात ते पुरलं नाही का? ते हसले, पण बोलणं बदललं नाही. आणि म्हणाले, मीठ टाकू नका. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, एवढंच मला वाटलं. एसटी आली आणि मी खिडकीची जागा धरायला धावले.

पुढचा श्रावण अप्पांनी पाहिला नाही. वैशाखात गेले. बाग तेव्हा मोडून काढलेली होती, रान उघडं होतं, आणि मन्मथची नव्या लागणीची तयारी चालली होती. अप्पांनी मन्मथलाही तेच सांगून ठेवलं होतं. मधोमध म्हटल्यावर भाऊबंदांनी कपाळाला हात लावला. विधी करायला आलेले स्वामी म्हणाले, वाडवडील बांधावर असताना मधेच कशाला, उद्या ट्रॅक्टर फिरवायला अडचण होईल. मला वाटलं आता मन्मथ त्यांचंच ऐकणार, अडचण त्याचीच होती. पण तो हटला नाही. खड्डा मधोमधच घेतला. अप्पांना बसवलं, बेल वाहिला, विभूती टाकली. मग रिवाजाप्रमाणं कुणीतरी मिठाची गोणी पुढं केली. मन्मथनं ती दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.

"मीठ न्हाई. या मातीनं लई मीठ खाल्लंय, म्हणले होते अप्पा."

स्वामींनी मान डोलावली. लोकांनी मूठमूठ माती लोटली. मन्मथ सगळ्यांच्या मागं उभा राहून रडत होता, आणि मला माझ्या भावाचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की त्याच्यावरचा सगळा राग मी तिथंच सोडून दिला.

अप्पांचा डाव मला कळला तो महिन्याभरानं. लागणीआधी ट्रॅक्टर आला तेव्हा मी तिथंच होते. समाधीचा छोटा चौथरा बांधून झाला होता. ट्रॅक्टरवाला परका माणूस, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो नांगरत नांगरत मधे आला, चौथरा पाहिला, टोपी काढून कपाळाला हात लावला आणि भलं मोठं वळण घेऊन पुढं गेला. प्रत्येक फेरीला तो तसंच वळत होता. समाधीवरून नांगर कुणी नेत नाही. समाधीजवळ खत, औषध कुणी फवारत नाही. बांधावर बसले असते तर बांधालाच विसावा मिळाला असता, आणि त्याला तो होताच. मागून मिळालं नाही ते अप्पांनी रानाच्या मधोमध ठाण मांडून मिळवलं. मला आधी हसू आलं. मग बांधावर बसून मी इतकी रडले की मन्मथच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

पुढच्या वर्षांत मी गेले की आधी समाधीभोवतीचा तो न नांगरलेला गोल बघायची. तिथं हरळी आली, केना आला, कुठूनशी तुळस आली. मुंग्यांनी बीळं केली. पावसाळ्यात गांडुळांच्या मातीच्या बारीक गोळ्या सगळीकडं दिसायच्या. उन्हाळ्यात भोवतालचं रान भेगाळायचं आणि तेवढी जागा पायाला गार लागायची. आणि तिच्या भोवती मन्मथ केळीवर केळी लावत राहिला. मर आली, म्हणजे झाडाची पानं कडेनं पिवळी पडून मोडून लोंबायची आणि खोड चिरलं की आत तांबडे-काळे डाग. गावात एकेक बाग मोडली. कुणी हळदीकडं वळलं, कुणी सोयाबीनकडं. अधिकारी येऊन सांगून गेले की विश्रांती द्या, फेरपालट करा. मन्मथ त्यांना हाव, हाव म्हणून मान डोलवायचा. एखाद्या वर्षी हरभरा घेऊनही पाहिला, पण एका वर्षात काय होतं? अप्पा एक साल म्हणाले तेव्हा कदाचित ते पुरलं असतं. आता जमिनीलाच विसावा मागायचं ठाऊक राहिलं नव्हतं.

परवा ते केळं तसंच ताटलीत ठेवून मी यजमानांना म्हटलं, पंचमीला जाऊन येते. नांदेडला गाडी बदलली आणि पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच गावात उतरले. भावजय म्हणाली, ते रानात आहेत, नांग्या भरायला गेलेत. नांग्या म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा. मी चपला न काढता तशीच रानात गेले.

लांबूनच दिसलं. रोपं विरळ, कुठं आहेत, कुठं नाहीत, आणि नसलेल्या प्रत्येक जागी नव्यानं खणलेला खड्डा. मन्मथ मधोमध बसला होता, समाधीजवळ. मला वाटलं नमस्कार करतोय. जवळ गेले तर हातात खुरपं होतं, शेजारी घमेलं. तो समाधीभोवतीची माती खरवडून घमेल्यात भरत होता. हरळी उपटून बाजूला टाकली होती. तो गोल आता गोल राहिलाच नव्हता. चौथऱ्याचा पाया उघडा पडला होता, विटांची खालची ओळ दिसत होती.

माझ्या तोंडून काय काय निघालं ते मी लिहीत नाही. बापाच्या अंगावरचं पांघरूण ओढणारा म्हणाले, एवढं सांगते. मन्मथनं ऐकून घेतलं. केस पिकलेत आता त्याचे. खुरपं हातात तसंच ठेवून तो म्हणाला,

"अक्का, ह्या मातीत लावलेलं रोप जगतं. बाकी रानात काय बी टाका, मरतंय. म्हणून खड्ड्यात मूठमूठ टाकून राहिलो. उद्या पंचमी, उद्या खणता येत न्हाई."

मी विचारलं, आणि ही संपल्यावर? त्यानं रानभर नजर फिरवली आणि परत मातीकडं बघितलं. मला कळलं की हा प्रश्न त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलेला आहे. लोभ म्हणावा तर तो त्याच्या तोंडावर कुठं नव्हता. दम्याचा माणूस शेवटची गोळी अर्धी अर्धी करून खातो तसा तो होता. मी खाली बसले. हात घातला. माती सैल होती, उबदार होती, आणि माझ्या बोटांवरून एक गांडूळ सावकाश, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं निघून गेलं. लहानपणानंतर मी त्या रानात पाहिलेलं ते पहिलं. आशा वाटावी असं काहीच त्यात नव्हतं, हे मला तेव्हाच समजत होतं. एवढ्याशा मातीनं रान जगत नाही. आणि रान जगणार नसेल तर ही माती तरी राखून कुणासाठी ठेवायची, हेही सांगता येत नव्हतं. अप्पा असते तर त्यांनी त्याचा हात धरला असता की स्वतःच थोडे सरकून बसले असते? मला खरंच माहीत नाही.

मी पदर खोचला. "खुरप्यानं नको," म्हटलं, "गांडुळं कापतात."

मग आम्ही दोघं हातांनीच माती भरत राहिलो. एक मूठ खड्ड्यात, तिच्यावर रोप, मग भोवतीची मेलेली माती. ऊन चढलं, भावजय भाकरी घेऊन आली आणि आमच्याकडं बघून बांधावरच थांबली. आम्ही पुन्हा समाधीजवळ आलो, घमेलं टेकवलं, आणि दोघांचेही हात तिथंच थांबले. वरची माती संपली होती. तिच्याखाली अप्पा होते, आणि अर्ध्याहून जास्त खड्डे अजून उघडेच होते.